नापास तारेची बाजू

चोवीसपैकी सात पॉइंट लाल आले, तेव्हा त्या पोरानं आधी दाराकडं बघितलं. मुख्याध्यापक आत येत नाहीत ना, याची खात्री केली आणि मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "मामा, परत एकदा मारून बघूया की. कधी कधी दुसऱ्या वेळेला पास होतंय."

चिकोडीपासून दहा-बारा किलोमीटरवरचं हायस्कूल. मे महिना, वर पत्रा, दुपारचे दोन. संगणक-खोलीचं सगळं केबलिंग दोन पोरांनी आठवड्याभरात ओढलेलं. दोघंही आयटीआय झालेली, वीस-एकवीस वर्षांची. मला बोलावलं होतं तपासणीला. तपासणीचं यंत्र महाग, आमच्यासारख्यांच्या मालकीचं ते नसतं. कोल्हापूरहून नाहीतर बेळगावहून दिवसाच्या भाड्यानं आणायचं आणि संध्याकाळी परत पोचवायचं. यंत्र कुठल्याही कंपनीचं असलं तरी आमच्या धंद्यात या कामाला फ्लूक कंपनीच्या नावावरून 'फ्लूक मारणं' म्हणतात. तारेच्या एका टोकाला यंत्र लावायचं, दुसऱ्या टोकाला त्याचा जोडीदार. कळ दाबली की दहा-पंधरा सेकंदांत निकाल पडद्यावर येतो, हिरवा नाहीतर लाल.

थोड्या वेळानं कंत्राटदाराचा फोन आला. किती गेले म्हणून विचारलं, मी सात म्हणालो. पलीकडं क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "मग लिमिट खाली घ्या की ओ. कॅट सिक्सच्या जागी फाइव्ह-ई ठेवा, बरेचसे पास होतील. शाळेला काय कळतंय त्यातलं?"

कॅट सिक्स हा केबलचा वरचा दर्जा, फाइव्ह-ई त्याच्याखालचा. पोराची भीती आणि कंत्राटदाराची ही सूचना यांची मुळं वेगवेगळी आहेत. पण दोन्हींचा शेवट एकच होतो. लाल निकाल कागदावरून पुसला जातो आणि दोष भिंतीत तसाच राहतो. गेली वीस वर्षं मी या भागात तारा ओढतो, जोडतो, तपासतो आहे. आता मला स्पष्ट लिहावंसं वाटतं, की नापास झालेली तार लपवणं हे पाप आहे. आणि ती नापास झाली म्हणून ओढणाऱ्या पोराला झोडपणं हे त्याहून मोठं पाप आहे, कारण लपवायला तेच शिकवतं.

याचा त्रास कुणाला होतो ते आधी सांगतो. आपल्याकडं कुठल्याही कचेरीत, सोसायटीत, सेवा केंद्रात गेलं की एक वाक्य ऐकू येतं: "सर्व्हर डाउन आहे, उद्या या." रेशनचा अंगठा असो, उतारा असो, जातीचा दाखला असो, पेन्शन असो. शेतातली मजुरी बुडवून आलेली बाई हे ऐकते आणि मुकाट्यानं परत जाते. पूर्वी जिथं 'नशीब' म्हणायचो तिथं आता 'सर्व्हर' म्हणतो, इतकाच काय तो फरक. कधी कधी सर्व्हर खरोखर बंद असतो, नाही असं नाही. पण मी दुरुस्तीला गेलो आणि खुर्ची सरकवून टेबलामागं डोकावलो, असं कितीतरी वेळा झालं आहे. दूरचा सर्व्हर ठणठणीत असतो आणि मेलेली असते ती कपाटामागची वीस मीटरची तार. ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारनं २०११ साली आणली, २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. तो काचेचा धागा शेकडो किलोमीटर चालत गावात येतो. पण दारातून टेबलापर्यंतचं अंतर तांब्याच्या तारेलाच तोडावं लागतं, आणि नेमकं तिथं कुणी तपासलेलं नसतं.

या तारेच्या आत काय असतं ते थोडं समजून घेतलं पाहिजे. नाहीतर लाल निकाल म्हणजे देवाचा कोप वाटायला लागतो.

केबलमध्ये आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. प्रत्येक जोडी दाव्यासारखी पिळलेली आणि चारही जोड्यांचा पीळ कमीजास्त. जुन्या लँडलाइनवर मध्येच दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं ऐकू यायचं, आठवतं का? शेजारच्या तारेतला आवाज आपल्या तारेत उतरायचा. यालाच क्रॉसटॉक म्हणतात. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या, की शेजारून येणारा उपद्रव दोघींवर सारखाच पडतो आणि शेवटच्या टोकाला एकमेकांतून वजा होऊन जातो. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलनं १८८१ साली या युक्तीचं पेटंट घेतलं. सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरही त्या शाळेतल्या संगणक-खोलीचा सगळा भार त्याच पिळावर आहे. म्हणून तारेला 'वायर' न म्हणता जोडी म्हणून ओळखायला शिकावं, असं मी पोरांना सांगतो.

त्या सातपैकी दोन ठिकाणी जोडी फुटलेली होती. भिंतीतला बॉक्स न बसवता तिथं तारेला थेट प्लग मारला होता, आणि प्लग मारताना पोरानं रंग आपल्या मनानं लावले: केशरी जोडी, शेजारी हिरवी, मग निळी, मग तपकिरी. बघायला व्यवस्थित, जोडीला जोडी लागलेली. पण प्लगमधली तिसरी आणि सहावी जागा एकाच जोडीची असते. म्हणून हिरवी जोडी फाकवावी लागते. तिची एक तार तीनवर, दुसरी सहावर, आणि मधल्या चार-पाचवर निळी जोडी. हा क्रम चुकला की तीनवर हिरवीतली तार येते आणि सहावर निळीतली. शेतकऱ्याच्या घरातल्या त्या पोराला मी म्हटलं, "एका दावणीचा एक बैल आणि दुसऱ्या दावणीचा एक बैल घेऊन तू औत जुंपलंयस. दोन्ही बैल धडधाकट आहेत, पण एकमेकांशी चालायची त्यांना सवय नाही." त्याला ते लगेच उमगलं.

आता खरी गोष्ट इथं आहे. त्या पोराकडं दोन-तीनशे रुपयांचा दिव्यांचा टेस्टर होता. एक ते आठ दिवे ओळीनं लागतात, तो. त्यानं दोन्ही प्लग त्यावर तपासले होते आणि आठही दिवे क्रमानं लागले होते. एक एकला जोडलेला, दोन दोनला, आठ आठला. दिव्याला एवढंच कळतं, की वीज पोचली. कुणाच्या सोबतीनं पोचली हे त्याला कळत नाही. म्हणजे पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याच्या हातात जे यंत्र होतं त्यानं त्याला पास केलं होतं. मोठ्या यंत्रानं तीच तार क्रॉसटॉकवर नापास केली आणि जोडी फुटल्याचं चित्रही काढून दाखवलं. अशा तारेवर संगणक सुरू होतो, पान उघडतं, सगळं ठीक वाटतं. एकाच वेळी वीस मुलं परीक्षेला बसली की मग ती तार दगा देते. तेव्हा मुलगा म्हणतो माझं पान फिरत राहिलं, आणि पर्यवेक्षक म्हणतात तुलाच येत नसेल.

आणखी दोन ठिकाणी क्रम बरोबर होता, पण बॉक्समध्ये तार बसवताना जोड्यांचा पीळ दीड इंचभर उकलला होता. नियम अर्ध्या इंचाचा, म्हणजे १३ मिलिमीटरचा आहे. हाताला सोपं जावं म्हणून पोरं जास्त उकलतात आणि नवशिक्या हाताला ते लागतंही. यंत्रात एक आलेख असतो, तो दोष किती मीटरवर आहे ते दाखवतो. इथला उंचवटा अगदी पहिल्या मीटरच्या आत होता. म्हणजे पूर्ण तार निर्दोष, बिघाड फक्त शेवटच्या दोन बोटांत. दोन्ही बॉक्स उघडले, तारा कापल्या, पीळ राखून पुन्हा पंच केल्या. वीस मिनिटांत दोन्ही हिरवे. लिमिट खाली घेतलं असतं तर ही वीस मिनिटं वाचली असती आणि पुढची पंधरा वर्षं त्या दोन बाकांवरच्या मुलांनी भोगलं असतं.

मुख्याध्यापकांच्या खोलीतला पॉइंट वेगळ्याच कारणानं अडला होता. रंगांचा क्रम लावायच्या दोन मान्य पद्धती आहेत, ए आणि बी. त्यांत केशरी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल असते. खोलीतलं टोक पूर्वी दुसऱ्या कुठल्या तरी टोळीनं ए पद्धतीनं बांधलेलं, रॅककडचं आमच्या पोरांनी बीनं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, मध्ये तार मात्र नापास. कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. इथं कोण चुकलं हा प्रश्नच गैर आहे. दोन्ही टोकांनी आधी एकमेकांना विचारलं नाही, एवढंच झालं.

सहावी तार मी मुद्दाम मागं ठेवली होती. तिच्यात काहीच दिसत नव्हतं, जोड स्वच्छ, लांबी तीस मीटरच्या आत, वळणं सौम्य. तरी लाल. तेव्हा मी यंत्राकडं संशयानं बघितलं. भाड्याचं यंत्र शंभर हातांतून फिरलेलं असतं. त्याच्या टोकाचा प्लग झिजतो, त्यात धूळ बसते. दोन्ही युनिटं एकमेकांना जोडून महिन्यातून एकदा संदर्भ लावून घ्यावा लागतो, तोही कुणी लावलेला नसतो. वर्षातून एकदा कारखान्याकडून तपासून आणायचं ते राहून जातं. टोकाचा अडॅप्टर बदलला, संदर्भ लावला आणि तीच तार हिरवी झाली. तेवढ्यावर न थांबता मी आधी हिरव्या आलेल्या तारांपैकी सहा तारा परत तपासल्या. जे यंत्र खोटं नापास करतं त्याच्या पासवरही विश्वास ठेवायचा नसतो.

ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे सांगायला हवं असं नाही. ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर चढवण्याआधी खासगी काट्यावर वजन करून घेणारा शेतकरी मी लहानपणापासून बघतो आहे. काटा मारतात, हे आपण चावडीवर बसून बोलतो. काटा तपासा म्हणून मोर्चे काढतो, आणि काढलेच पाहिजेत. मग तोच न्याय पोराच्या कामाला का लावत नाही? त्याची तार नापास झाली तर काटा बरोबर आहे का, हे आधी कुणी का विचारत नाही? मोजमाप चुकीचं निवडलेलं असू शकतं. भिंतीतल्या पक्क्या तारेची मर्यादा ९० मीटर, दोन्हीकडच्या सुट्या तारा धरून १००. एकीच्या जागी दुसरी निवडली की चांगलं काम नापास होतं, वाईट काम पास होतं. पत्र्याखाली तापलेल्या तारेत सिग्नल जास्त झिजतो, वीस अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. तार लांब आणि निकाल काठावरचा असेल तर मे महिन्यातली दुपार एवढीही नापास व्हायला पुरते. यांतलं काहीही पोराच्या हातात नाही.

त्या यंत्राचा एक गुण मला फार आवडतो. काठावरचा निकाल आला की ते पासच्या पुढं एक तारका छापतं. म्हणजे ते सांगतं, की माझ्या मोजण्यातच जेवढी चूक संभवते तेवढ्यात हा निकाल आहे, मला ठाम सांगता येत नाही. आपल्या मर्यादेची कबुली छापून देणारे किती अधिकारी, किती परीक्षक, किती पुढारी आपण पाहिलेत? मी तारका आली की ती तार नापास धरतो आणि पुन्हा बांधतो. तसा नियम कुठं नाही, हा माझा माझ्यापुरता नियम आहे.

हा नियम मला कुठून मिळाला ते आता लिहिलं पाहिजे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या शाखेचं काम होतं. बत्तीस पॉइंट. यंत्र भाड्याचं, दुपारनंतर मिळालं, रात्री परत द्यायचं होतं. पहिल्या पाच-सहा तारांतच दोन लाल आल्या. कंत्राटदार म्हणाला, बिल अडकेल, पोरांचे पगार तटतील. मी एक चांगली हिरवी तार निवडली, तिला यंत्र लावून ठेवलं, आणि नाव बदलून बदलून बत्तीस वेळा कळ दाबली. बत्तीस सुंदर हिरवे रिपोर्ट निघाले. कुणी ते वाचले असते तर पहिल्याच पानावर कळलं असतं, कारण बत्तीसही तारांची लांबी २७.४ मीटर होती. कुणी वाचले नाहीत. फाइल प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून रॅकवर ठेवली गेली.

दीड वर्षानं त्याच शाखेतून बोलावणं आलं. काउंटर सारखा बंद पडतो म्हणाले. पेन्शनचा दिवस होता. बाकावर एक म्हातारी पासबुक पदरात धरून बसलेली. मी टेबलाखाली शिरलो तेव्हा तिनं विचारलं, "लेकरा, आज हुईल का रं? सकाळच्या गाडीनं आलीया." मी तारेचं टोक कापून पात्यानं खरवडलं. वरचा तांबडा मुलामा गेला आणि आत पांढरं चकाकलं. ॲल्युमिनियम. वर तांब्याचं कातडं, आत ॲल्युमिनियम, आणि खोक्यावर मात्र कॅट सिक्स छापलेलं. ॲल्युमिनियमची वीज वाहण्याची ताकद तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. अशी तार कॅट सिक्सच्या मानकात बसत नाही. वाकवली की तुटते, आणि कॅमेऱ्याला त्याच तारेतून वीज दिली की तापते. खोका उचलला तरी हलका लागतो. मी तो खोका स्वतःच्या खांद्यावरून आणला होता.

यातली मेख तंत्रज्ञांनी नीट लक्षात घ्यावी. अशी तार प्रत्येक वेळी लाल येईलच असं नाही. जाऊन-येऊन रोध ९० मीटरच्या पक्क्या तारेला २१ ओहमपर्यंत चालतो. चाळीस मीटरची खोटी तार दहा-अकरा ओहम दाखवते आणि सुखानं पास होते. पण २४ गेजच्या खऱ्या तांब्याची चाळीस मीटर तार सात ओहमच्या आत असायला हवी. ज्यानं फक्त रंग बघितला तो फसला. ज्यानं लांबीशेजारी रोध ठेवून आकडा वाचला, त्यानं चोर पकडला. मी तर रंगही खरा बघितला नव्हता.

आमच्या भागात बसवण्णांच्या शरणांच्या कथा मराठी घरांतही सांगतात. माझ्या आईनं सांगितलेली आयदक्की लक्कम्माची कथा त्या दिवशी टेबलाखाली आठवली. तिचा नवरा मारय्या बसवण्णांच्या कल्याणमध्ये सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणायचा, त्यावर दोघांचं घर आणि जंगमांचं जेवण चालायचं. एक दिवस त्यानं रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणला. लक्कम्मानं तो घरात घेतला नाही, जिथून आणला तिथं टाकून यायला लावला. आपल्या कायकापेक्षा, म्हणजे श्रमापेक्षा, जास्त घेतलेलं अन्न घरात नको. मी बत्तीस तपासण्यांचे पैसे घेतले होते आणि रिपोर्ट सगळे एकाच तारेचे दिले होते. ते पैसे परत करायला मला वेळ लागला, पण केले. बत्तीसही तारा बदलल्या, माझ्या खर्चानं. हे सांगून मला कुठं मान मिळवायचा नाही. हे सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही, म्हणून लिहिलं.

पुढचं असं. मी तेव्हा लबाडी का केली? लोभ होता, पण सगळा लोभ नव्हता. भीती होती. 'नापास' हा शब्द आमच्या माणसांनी कधी कारण शोधण्यासाठी वापरलेला पाहिलाच नाही. तो नेहमी मारण्यासाठी वापरलेला पाहिला.

माझी आजी निपाणीत विड्या वळायची. हजार विड्या वळून झाल्या की कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथला तपासणारा मूठभर विड्या उचलायचा, दाबून बघायचा आणि बाजूला टाकायचा: छाट. ही ढिली, हिचं पान फाटकं, हिचं तोंड नीट मोडलेलं नाही. छाट निघालेल्या विडीचे पैसे नाहीत आणि ती विडी परतही नाही. का छाट, हे विचारायची सोय नव्हती. पान कारखान्यानं दिलेलं असायचं. ते वाळकं, भोकाचं निघालं तरी छाट बाईच्या नावावर. आजीच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या कातडीला तंबाखूचा रंग कायमचा चढला होता, पण काटा तिच्या हातात कधी आला नाही. ही गोष्ट एकट्या आजीची नव्हे. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला, त्यात मालकानं नाकारलेल्या मालावरून होणाऱ्या तंट्यांचा विचार करावा लागला, इतका तो अन्याय सर्रास होता. आणि १९८१ साली शरद जोशींच्या मागं निपाणीचे तंबाखू उत्पादक हमरस्त्यावर बसले, गोळीबारात माणसं मेली. ती लढाई भावाची होती. पण तंबाखूची प्रत कोण ठरवणार आणि कुणाच्या सोयीनं, ही ठसठस तिच्या बुडाशी होतीच.

ज्या घरात छाट हा शब्द जेवणाच्या ताटावर बसलेला होता, त्या घरातलं पोर आज लाल पडद्यापुढं उभं राहतं आणि आधी दाराकडं बघतं. त्याला दोष देऊन काही होणार नाही. शाळेत नापास म्हणजे छडी, घरी नापास म्हणजे शिवी, कामावर नापास म्हणजे कापलेला पगार. मग ते लपवणार नाही तर काय करेल? आपल्याकडं १८७३ साली महात्मा फुल्यांनी समाज काढला तो सत्यशोधक नावाचा. कोल्हापूरच्या शेजारानं त्याचं वारं आपल्या गावांतून चांगलं खेळलं. शोधणं हा त्यातला शब्द मला आज फार जवळचा वाटतो. दोष शोधणारा आणि दोषी शोधणारा, ही दोन वेगळी माणसं आहेत. आपल्या कचेऱ्यांत, कारखान्यांत आणि घरांत दुसऱ्याच माणसाची गर्दी झाली आहे.

हे बदलायला उपदेश पुरत नाही, पैशाची रीत बदलावी लागते. आज पोराला पॉइंटमागं पैसे मिळतात. तार ओढली, पंच केली, पैसे. नापास तार उघडून कारण शोधण्यात गेलेला अर्धा दिवस त्याच्या खिशातून जातो. मग त्यानं कारण का शोधावं? दुरुस्तीच्या तासांची मजुरी वेगळी धरलीच पाहिजे, आणि ती कामाच्या अंदाजपत्रकात आधीच लिहिली पाहिजे. यंत्र एका संध्याकाळसाठी आणायचं नाही, निदान तीन दिवस आणायचं. पहिला दिवस नापास व्हायला, दुसरा शोधायला, तिसरा पुन्हा तपासायला. केबलचे खोके ओढण्याआधी शाळेतल्या कुणीतरी, विज्ञानाच्या बाईंनी नाहीतर पालकांपैकी कुणी वायरमननं, एका खोक्यातलं टोक पात्यानं खरवडून बघायचं. त्याला ना पदवी लागते ना टेंडर. आणि सर्वांत कमी दराचा कागद मंजूर करणाऱ्या समितीनं एवढं तरी समजून घ्यावं, की त्या दरात तांबं बसतच नसेल, तर पोराला चोरी करायला आपणच पाठवलं आहे.

रिपोर्टाचा छापील कागद घेऊ नये, यंत्रातली मूळ फाइल मागावी. तिच्यात वेळ असते, लांबी असते, कोणतं लिमिट निवडलं ते असतं. बत्तीस तारा एकाच लांबीच्या निघाल्या तर सातवीतला मुलगाही बोट ठेवेल. आणि फाइलमध्ये लाल पानंही असू द्यावीत. ज्या कामात एकही तार पहिल्या फेरीत नापास झाली नाही, त्या कामाकडं मी आता जास्त बारकाईनं बघतो.

त्या शाळेत मी मुख्याध्यापकांना आत बोलावलं. पोराचा चेहरा पडला. मी यंत्र त्याच्याच हातात दिलं आणि म्हटलं, सरांना तूच दाखव. अडखळत त्यानं फुटलेली जोडी दाखवली, उकललेला पीळ दाखवला, झिजलेला अडॅप्टर दाखवला. मुख्याध्यापक गणिताचे. त्यांनी आलेखावर बोट ठेवून दोन प्रश्न विचारले, ते दोन्ही चांगले होते. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला पोराचा आवाज मोकळा झाला. जाताना सरांनी विचारलं, जूनमध्ये नववीच्या मुलांना हे यंत्र दाखवायला येशील का. तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, मला काय विचारतोस, तुला विचारलंय.

सातवी तार राहिली. ती दोन इमारतींच्या मधून जमिनीतल्या पाइपातून जाते. आलेखात ३१ मीटरवर फुगवटा आहे आणि तिथून पुढं सिग्नल झिजतो. पाइपाचा जोड उघडला तर आत ओल होती, बहुधा गेल्या पावसाळ्याची. घरात वापरायची साधी केबल बाहेरच्या पाइपातून नेली होती, तिच्या कातडीतून पाणी आत मुरलं होतं. अशा ठिकाणी आत जेल भरलेली, बाहेरच्या वापराची केबल लागते. ती बेळगावला मिळाली नाही, मागवली आहे. तोवर त्या बॉक्सवर मी लाल चिकटपट्टी लावली आहे आणि तिच्यावर तारीख, '३१ मीटर, पाणी', आणि आम्हा दोघांची नावं लिहिली आहेत. खाली पोरानं आपल्या हातानं लिहिलं आहे: हा पॉइंट अजून वापरू नये.